दहा तारखेचा हिशेब

खनिजांच्या आकड्यांवर बोलणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. विधानसभेत बोलतात, शेअर बाजाराच्या पानांवर बोलतात, खाणविरोधी आंदोलनाच्या पत्रकातही बोलतात. अमुक दशलक्ष टन लोहखनिज, तमुक लाख टन मँगनीज. हे टन मोजले कुणी, कशावर मोजले आणि मोजणाऱ्याचे त्यात काय अडकले होते, हे विचारण्याची तसदी मात्र फारसे कुणी घेत नाही. या पुस्तकाचा विषय तोच आहे: खाण आणि धातू उद्योगाकडून सरकार माहिती कशी गोळा करते, ती कुठे पक्की असते आणि कुठे पातळ होत जाते.

मुळाशी असलेली व्यवस्था साधी आहे. ज्याच्या नावावर प्रमुख खनिजाचा खाणपट्टा आहे, त्याने मागच्या महिन्याचा हिशेब चालू महिन्याच्या दहा तारखेपूर्वी द्यायचा आणि आर्थिक वर्षाचा हिशेब 1 जुलैपूर्वी. खनिज संवर्धन आणि विकास नियम, 2017 यांतला 45वा नियम हे सांगतो. हिशेब येतो नागपूरला. सिव्हिल लाइन्समधल्या इंदिरा भवनात इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचे मुख्यालय आहे. ब्युरोची स्थापना 1 मार्च 1948 ची. खाणवाल्यांच्या तोंडी ही कचेरी नुसती ‘आयबीएम’. संगणकवाली आयबीएम तिथे कुणाच्या मनातही येत नाही. देशातल्या लोहखनिजाचा, मँगनीजचा, बॉक्साइटचा, चुनखडीचा जो आकडा छापून येतो, तो या इमारतीतून येतो. औद्योगिक उत्पादन निर्देशांकात 2011-12 हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेत खाणकामाला 14.37 टक्के भार दिलेला आहे आणि त्यातला धातुखनिजांचा भाग इथल्याच मासिक आकड्यांवर उभा राहतो.

सगळेच काही इथे येत नाही, हेही सांगितले पाहिजे. कोळशाचा हिशेब कोळसा नियंत्रकाकडे जातो. तेल, वायू आणि अणुखनिजे यांची दारे वेगळी. खाणीतले अपघात आणि कामगारांची हजेरी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. कामगारांची संख्या नागपूरही विचारते आणि धनबादही. दोघांच्या व्याख्या एक नाहीत, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. त्यात लबाडी शोधणाऱ्यांनी आधी व्याख्या वाचावी.

आता नागपूरला येणारा मासिक हिशेब, म्हणजे ‘रिटर्न’, जवळून पाहू. ‘एफ-1’ हा बहुतेक खनिजांसाठीचा नमुना. तांबे, सोने, शिसे, जस्त यांच्यासाठी ‘एफ-2’, आणि मौल्यवान व अर्धमौल्यवान खड्यांसाठी ‘एफ-3’. सुरुवातीला खाणीचा संकेतांक, मालक, तालुका, जिल्हा. मग महिन्यात किती दिवस काम चालले आणि बंद होते तर कशामुळे: संप, टाळेबंदी, अतिवृष्टी, मजूर नाहीत, वाहतूक अडली, मागणी नाही, परवडत नाही. मग प्रतवारीनुसार आरंभीचा साठा, महिन्याचे उत्पादन, रवाना झालेला माल, अखेरचा साठा. लोहखनिजात ढेकळे वेगळी, चुरा वेगळा, आणि प्रत्येकात लोहाच्या टक्केवारीचे टप्पे: 55 च्या खाली, 55 ते 58, 58 ते 60, असे 65 च्या वरपर्यंत. मग माल कुणाला विकला, त्या गिऱ्हाइकाचा नोंदणी क्रमांक, किती टन, किती रुपयांना. विक्रीच्या रकमेतून कोणत्या वजावटी केल्या: वाहतूक, चढउतार, रेल्वेभाडे, बंदरावरची हाताळणी, नमुन्याची तपासणी, साठवणीच्या जागेचे भाडे. शेवटी दोन प्रश्न. उत्पादन वाढले किंवा घटले ते का, आणि खाणमुखाचा भाव बदलला तो का?

माझ्या मते हे शेवटचे दोन प्रश्न सगळ्या नमुन्यात मोलाचे आहेत आणि सर्वांत आळसाने भरले जाणारेही तेच. ‘बाजारातील परिस्थिती’ एवढे दोन शब्द टाकून मोकळे होण्याची सोय तिथे आहे. ज्या व्यवस्थापकाने ‘सहाव्या बाकावर पाणी भरले, पंप मिळाला नाही’ असे लिहिले, त्याने वर्षभराच्या तक्त्यापेक्षा जास्त सांगितले.

वार्षिक नमुना याहून लांब असतो. त्यात रोजगार आणि मजुरी येते, स्फोटके येतात, यंत्रे येतात, जमिनीत अजून किती साठा आहे ते येते आणि अखेरच्या भागात टनामागे उत्पादनखर्च येतो. हा खर्चाचा भाग गोपनीय ठेवला जातो. सरकार त्याचा उपयोग एकत्रित अभ्यासासाठी करू शकते. कुणा एका कंपनीचे नाव उघड करून नाही. अशी हमी नसेल तर खरा खर्च कोण सांगेल?

‘महिन्याचे उत्पादन’ ही ओळ वाचायला सोपी आहे, भरायला नाही. खड्ड्यातला माल सुटतो तेव्हा तो तराजूत बसत नाही. डंपरच्या खेपा मोजल्या जातात, एका खेपेला अमुक टन असे धरले जाते आणि गुणाकार होतो. काही काळाने सर्वेक्षक खड्डा मोजतो, किती घनमीटर पोकळी वाढली ते काढतो आणि खनिजाच्या घनतेने गुणतो. हा दुसरा गुणाकार पहिल्याशी जुळतोच असे नाही. घनतेचा आकडा जरा इकडेतिकडे झाला की हजारो टनांचा फरक पडतो. माल बाहेर पडताना वजनकाट्यावर तिसरा आकडा मिळतो. आणि पाऊस? कोकणात, गोव्यात पावसाळ्यानंतर उचललेल्या चुऱ्यात पाणी भरपूर असते. काट्यावर पाण्याचेही वजन होते, परदेशी गिऱ्हाईक मात्र कोरड्या टनाचे पैसे मोजते. म्हणजे एकच माल खाणीवर एका वजनाचा, काट्यावर दुसऱ्या आणि जहाजात तिसऱ्या वजनाचा. यातला कोणताही आकडा खोटा नाही. पण कोणत्या ओळीत कोणता लिहायचा हे ठरलेले नसेल, तर तिन्ही मिळून खोटे ठरू शकतात.

भावाचा प्रश्न याहून नाजूक. लोहखनिजावर रॉयल्टी आहे सरासरी विक्रीभावाच्या 15 टक्के. हा सरासरी विक्रीभाव ब्युरो दर महिन्याला राज्यवार आणि प्रतवार जाहीर करतो, आणि तो काढतो कशावरून? खाणवाल्यांनी त्याच मासिक रिटर्नमध्ये भरलेल्या खाणमुखाच्या भावावरून. ज्या खाणी आपल्याच कारखान्याला माल देतात त्यांचे भाव त्यात धरत नाहीत, कारण ते बाजारात ठरलेले नसतात. 2015 नंतर खाणपट्टे लिलावाने जाऊ लागले आणि बोली लागते तीही याच सरासरी भावाने काढलेल्या किमतीच्या टक्क्यांत. खाणबाधित भागासाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होणारा पैसाही रॉयल्टीच्याच हिशेबात: 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांना 30 टक्के, लिलावातल्यांना 10 टक्के. गडचिरोलीच्या सुरजागडला डंपर किती माल खाली आणतो आणि त्याचा भाव काय लावला जातो, यावर खाणीलगतच्या गावात शाळेची खोली होणार की नाही हे काही अंशी ठरते. जो आकडा अभ्यासासाठी गोळा होतो आहे असे वाटत होते, तो आता पैसे ठरवणारा आकडा झाला आहे.

इथेच या पुस्तकाचा गाभा आहे. आकडा भरणारा आणि आकड्यावर पैसे भरणारा एकच आहे. भाव कमी दाखवण्यात त्याचा फायदा, वजावटी फुगवण्यात फायदा, वरच्या प्रतीचा माल खालच्या रकान्यात टाकण्यात फायदा. सगळे खाणवाले तसे करतात असे मी म्हणत नाही. करावेसे वाटण्याचे कारण मात्र व्यवस्थेनेच पुरवले आहे, आणि ते विसरून आकडेवारी वाचणे म्हणजे भाबडेपणा. तांबे, जस्त, शिसे यांच्या बाबतीत हा पेच कमी आहे, कारण त्यांची रॉयल्टी लंडन मेटल एक्स्चेंजच्या भावाला बांधलेली आहे. तो भाव भंडाऱ्यात किंवा बेल्लारीत बसून कुणाला बदलता येत नाही.

गोव्याची गोष्ट या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने नोव्हेंबर 2010 मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शहा यांचा आयोग नेमला. त्याचा गोव्यावरचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत मांडला गेला, काही दिवसांतच राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम आणि वाहतूक दोन्ही रोखली. आयोगाने सुमारे 35 हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज केला होता. तो अंदाज पुढे वादग्रस्त ठरला आणि त्या वादात मी इथे शिरत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: मांडवी-झुवारीतून बार्जेस खाली जात होत्या, मुरगावला जहाजे भरत होती, सगळे दिवसाढवळ्या चालले होते, तरी खाणीवरचा, वाहतूक परवान्याचा आणि बंदरावरचा आकडा वेळच्या वेळी शेजारी ठेवून कुणी का पाहिले नाही?

याचे एक उत्तर चोरी हे आहेच. दुसरे उत्तर व्याख्येत आहे आणि ते कमी लोकांना ठाऊक असते. दगडात किती लोह असले म्हणजे तो खनिज आणि किती कमी असले म्हणजे कचरा, ही रेघ सरकार आखते. हेमॅटाइट या लोहखनिजासाठी ब्युरोची किमान मर्यादा 45 टक्के लोहाची आहे. त्याच्या वरचा माल आज विकला जात नसला तरी वेगळा रचून ठेवायचा. पण गोव्यात पूर्वीच्या दशकांत जे कमी प्रतीचे म्हणून बाजूला टाकले गेले, त्याचे डोंगर झाले होते. स्थानिक बोलीत ते ‘डंप’. चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली तेव्हा 2000 नंतरच्या दशकात त्या डंपांनाही गिऱ्हाईक आले. जो माल कधी ‘उत्पादन’ म्हणून लिहिलाच गेला नव्हता, तो ‘निर्यात’ म्हणून लिहिला जाऊ लागला. मग निर्यात उत्पादनाला ओलांडते यात नवल काय? अशा फरकातला चोरीचा वाटा किती आणि जुन्या कचऱ्याचा किती, हे फक्त बेरीज-वजाबाकीने सुटत नाही. डंपांची मोजणी आधी झालेली असावी लागते. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 20 दशलक्ष टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, तेव्हाही डंपांचे काय हा प्रश्न मागे राहिलाच.

शेजारी कर्नाटकात बेल्लारीच्या खाणींवर लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल जुलै 2011 चा. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने तेव्हाच्या जुन्या नियमावलीतला नियम 45 बदलला होता, आणि खनिज आकडेवारीच्या इतिहासात हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. तोवर हिशेब फक्त खाणवाला देत होता. आता व्यापारी, साठवणदार, निर्यातदार आणि खनिज वापरणारा कारखाना, सगळ्यांना नोंदणी करून आपापला रिटर्न भरावा लागतो. सध्याच्या नियमांत महिन्याचा नमुना ‘एल’, वर्षाचा ‘एम’. विकणाऱ्याच्या रिटर्नमध्ये घेणाऱ्याचा क्रमांक, घेणाऱ्याच्या रिटर्नमध्ये विकणाऱ्याचा. दूधवाला आपली वही ठेवतो आणि घरची बाई कालनिर्णयाच्या चौकोनात लिटरचा आकडा टाकते. महिनाअखेरीला दोन्ही समोर ठेवले की भांडण मिटते, इतकी ही साधी कल्पना आहे. मात्र दोन्ही वह्या खरोखर समोर ठेवल्या गेल्या तरच. नोंदणी झाली पण जुळवणी झाली नाही, तर खोट्या आकड्याला दोन सह्या मिळतात एवढेच.

आपल्याकडचा हा प्रश्न नवा नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक थॉमस हॉलंड यांनी 1898 ते 1903 या काळातल्या हिंदुस्थानच्या खनिज उत्पादनाचा आढावा 1905 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी खनिजांचे सरळ दोन गट पाडले: ज्यांचे आकडे बऱ्यापैकी विश्वासार्ह आहेत ती, आणि ज्यांची पूर्ण व नियमित माहिती मिळतच नाही ती. दुसऱ्या गटात इमारतीचा दगड, माती यांसारख्या वस्तू होत्या. सरकारी अधिकाऱ्याने आपल्याच आकड्यांची अशी जाहीर प्रतवारी करावी, हे मला आजही कौतुकाचे वाटते. पुढचे पंचवार्षिक आढावे याच वाटेने गेले. मध्य प्रांतातले मँगनीज तेव्हा नुकतेच जगाच्या बाजारात उतरत होते, एल. एल. फर्मोर यांचा भारतीय मँगनीजवरचा प्रचंड ग्रंथ 1909 चा. रामटेकजवळचे मनसर, भंडाऱ्यातले डोंगरी बुजुर्ग आणि चिखला ही नावे जुन्या अहवालांतही भेटतात आणि ‘मॉइल’ या मँगनीज कंपनीच्या आजच्या अहवालांतही.

हॉलंड यांचा दुसरा गट आज कुठे आहे? आहे तिथेच आहे, त्याचे नाव ‘गौण खनिज’ झाले आहे. वाळू, मुरूम, खडी. ही राज्याच्या अखत्यारीत येतात, नागपूरच्या मासिक रिटर्नमध्ये नाहीत. महाराष्ट्रात ती ब्रासमध्ये मोजली जातात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर, कोरडी वाळू असेल तर साधारण साडेचार टन, ओली असेल तर वेगळे. एका खेपेत किती ब्रास, हे पावतीवर एक असते आणि ट्रकच्या फाळक्यावरून दिसते ते दुसरे. तलाठ्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सर्वांना ते ठाऊक असते. वजनाने सर्वांत जास्त जमीन उकरली जाते ती बहुधा याच वस्तूंसाठी, आणि राष्ट्रीय पातळीवर सर्वांत कमी भरवशाचा आकडाही त्यांचाच.

त्यात 10 फेब्रुवारी 2015 ला केंद्राने आणखी 31 खनिजे गौण ठरवली: डोलोमाइट, अभ्रक, फेल्डस्पार, क्वार्ट्‌झ, जांभा, सिलिका वाळू अशी. राज्यांना अधिकार मिळाले, ते ठीकच झाले. पण या खनिजांची अनेक दशकांची राष्ट्रीय मालिका त्या दिवशी विस्कळीत झाली. सिंधुदुर्गात कासार्ड्याची सिलिका वाळू काचेच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांना जाते. तिचा 2015 च्या आधीचा आणि नंतरचा हिशेब एका ओळीत मांडायला बसलेल्या विद्यार्थ्याला विचारा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 2025 मध्ये, बॅराइट, फेल्डस्पार, अभ्रक आणि क्वार्ट्‌झ पुन्हा प्रमुख खनिजांत आणली गेली, कारण ज्या खडकांत ती सापडतात त्यांतच लिथियमसारखी, आता सर्वांना हवी असलेली खनिजे असण्याची शक्यता असते. निर्णय योग्य. मधल्या दहा वर्षांची तूट मात्र कोणत्याही अधिसूचनेने भरून निघणार नाही.

दुसऱ्या टोकाला अमेरिका आहे. तिथे हे काम जिऑलॉजिकल सर्व्हे करते. 1996 मध्ये ब्युरो ऑफ माइन्स बंद झाल्यावर ते तिच्याकडे आले. तिथे प्रश्नावली भरणे बहुतांशी ऐच्छिक आहे. कंपन्या भरतात, कारण आपला आकडा कुणाला कळणार नाही याची त्यांना खात्री असते: एखाद्या खनिजाचे उत्पादक इतके थोडे असतील की बेरजेवरूनही एकाचा आकडा ओळखता येईल, तर तक्त्यात आकड्याच्या जागी ‘डब्ल्यू’ छापतात, म्हणजे रोखून धरलेला. आपल्याकडे सक्ती आहे, तिथे भरवसा आहे. आपण त्यांची नक्कल करावी असे मला वाटत नाही. जिथे रॉयल्टी या आकड्यांवर ठरते तिथे ऐच्छिक प्रश्नावली चालणार नाही. पण रोखलेल्या आकड्याच्या जागी प्रामाणिकपणे एक अक्षर छापण्याची त्यांची रीत घेण्यासारखी आहे.

तंत्र आता पुष्कळ आले आहे. ऑक्टोबर 2016 पासून उपग्रहचित्रांवरून खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर 500 मीटरपर्यंत नजर ठेवली जाते. 2017 च्या नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीने मोठ्या खाणींना, म्हणजे ज्यांचे वर्षाचे उत्खनन दहा लाख टन किंवा क्षेत्र 50 हेक्टर आणि त्याहून अधिक आहे त्यांना, दरवर्षी ड्रोनने सर्वेक्षण करणे बंधनकारक झाले. चुकीची माहिती दिल्याबद्दल कारवाईचा अधिकार राज्याबरोबर ब्युरोलाही मिळाला. ड्रोन खड्ड्याचे आकारमान चोख सांगतो. त्या खड्ड्यातून निघालेला माल 57 टक्के लोहाचा होता की 59 टक्के, हे त्याला दिसत नाही, आणि रॉयल्टी फिरते ती त्या दोन टक्क्यांवर. तिथे अजूनही नमुना घेणारा माणूस, प्रयोगशाळेतली भट्टी आणि रकाना भरणारा हात यांच्यावरच भिस्त आहे. खाणीवर ‘रिटर्न भरणारा’ म्हणून ज्याला कोपऱ्यातले टेबल मिळते, त्याच्या प्रशिक्षणावर झालेला खर्च कोणत्याही नव्या पोर्टलपेक्षा जास्त फळ देईल, असे माझे मत आहे.

पुढील प्रकरणांत हे नमुने एकेक करून उलगडले आहेत. प्रत्येक ओळ कुठून येते, कुणाच्या आकड्याशी ताडून पाहायची आणि कुठे थांबायचे, यावर भर दिला आहे. वाचकांना आधीच दोन गोष्टी सांगून ठेवतो. आकड्यापुढे ‘पी’ असेल तर तो हंगामी आहे. पुढच्या वर्षीच्या खंडात तो बदललेला सापडेल, तेव्हा जुना खंड उद्धृत करू नये. आणि भारतीय आकडे एप्रिल ते मार्चचे असतात, अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबरचे. दोन्ही एकाच आलेखात तसेच टाकणारे लेख मी बरेच पाहिले आहेत. पुस्तक वाचताना ब्युरोची ‘इंडियन मिनरल्स इयरबुक’ शेजारी असलेली बरी. तिचे तिन्ही खंड संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पहिल्या खंडात राज्यवार आढावा आहे. महाराष्ट्र आणि गोवा या प्रकरणांपासून सुरुवात करावी.